‘आलो’ या शब्दाविषयी

बहारीनमध्ये थंडी आधी कानांना कळते. नऊ-दहा महिने घराच्या पोटात घुमणारा एसी एका सकाळी कुणीतरी बंद करतं आणि एकदम लक्षात येतं, की इतके दिवस आपण सगळे त्याच्यावर आवाज चढवून बोलत होतो. खिडक्या उघडतात. बुसैतीनमधली आमची गल्ली घरात येते. बांग, गाड्या पुसणाऱ्याची बादली, समोरच्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, दारावरची घंटी, शाळेच्या बससाठी थांबलेल्या पोरांची अर्धी अरबी, अर्धी इंग्रजी भांडणं. उत्तरेकडून शमाल सुटतो. त्या वाऱ्याला मिठाचा आणि थोडा गंजाचा वास असतो. तापमान सोळा-सतरावर उतरतं आणि अख्खं गाव स्वेटर घालतं.

यंदा खिडक्या उघडल्या त्याच आठवड्यात माझ्या नातीने, सानिकाने, दिवाणखान्यात सामान मांडलं. ती पुढच्या गुरुवारी जॉर्जियाला निघायची होती. इथून विमानाने जेमतेम काही तासांवर बर्फाचे डोंगर आहेत, आणि इथली तरुण मंडळी हल्ली हिवाळ्यात तिकडे पळतात. बहुतेक जण तयार केलेल्या उतारांवर घसरतात, फोटो काढतात, परत येतात. सानिका आणि तिचे कॉलेजातले तीन मित्र मात्र रस्ते आणि वर नेणारे तारेवरचे पाळणे सोडून, पायाला स्की बांधून, मोकळ्या डोंगरात जाणार होते.

तिने एक हातभर लांबीची जुडी हातात घेऊन झटकली. नळ्या एकमेकींत खटाखट बसल्या आणि सोफ्यापासून चपलांच्या कपाटापर्यंत पोचणारी एक सळई तयार झाली.

“ही गं कशाला?” आमच्या सूनबाईंनी विचारलं.

“प्रोब आहे, मम्मा. बर्फाखाली कुणी असेल ना, तर टोचून शोधायला.”

सूनबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ तिथून भांड्यांचा आवाज आला नाही.

मी ती सळई हातात घेतली. चांगली हलकी होती. आमच्या वेळी आमच्याकडे बांबूच्या काठ्या असत.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा एक हिमाचा मोसम मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. ऐकणाऱ्यांना तो आवडतो. त्यात एक चूक माझी आहे आणि ती मी दुसऱ्याच्या नावावर घातलेली आहे. हा लेख त्यासाठी आहे. पण नुसती चूक सांगून तो मोसम संपवायचा, हे माझ्याने होणार नाही. कारण माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर सात आठवडे तेच होते.

अच्युत आणि मी वाईचे. शाळेत एका बाकावर. सह्याद्रीतले गडकिल्ले पायाखाली घालून झाले तेव्हा आमच्या गिर्यारोहण क्लबात ठरलं, की दोघांनी तरी हिवाळ्यात हिमालयात जाऊन हिम शिकून यावं. दोघं म्हणजे आम्हीच, कारण बाकीच्यांची लग्नं झाली होती. फेब्रुवारीत आम्ही कुलूच्या वरच्या अंगाच्या एका गावात पोचलो आणि देवीरामजींच्या घरी राहिलो. पन्नाशीचा, सफरचंदाच्या बागेचा मालक, तरुणपणी मोठ्या मोहिमांची ओझी वाहिलेला माणूस. त्यांच्या घरात खाली गाई, वर माणसं. गाईंच्या अंगाची ऊब फळ्यांमधून वर यायची आणि आम्ही त्या उबेवर झोपायचो.

अच्युतचं नाव अच्युत असलं तरी तो घरंगळण्यात पटाईत होता. त्याला कशाचाच दम धरवत नसे. जेवायला बसला की वाढणाऱ्याच्या हातातून पोळी घ्यायचा. तुम्ही वाक्य सुरू करावं, त्याने पूर्ण करावं. बहुतेक वेळा चुकीचं पूर्ण करायचा आणि मग तेच बरोबर आहे म्हणून वाद घालायचा. त्याच्यावर रागवायला बसलं तर राग संपायच्या आत तो दुसऱ्या विषयावर गेलेला असायचा. इतका गोड माणूस मी नंतर पाहिला नाही.

देवीरामजी आम्हांला रोज हिम दाखवायचे. फावड्याने छातीइतका खड्डा खणायचा, त्याची एक भिंत सरळ तासायची आणि तिच्यावरून बोट वरून खाली न्यायचं. मोसमातला प्रत्येक दिवस त्या भिंतीत एकावर एक रचलेला असे. “ये वाली बर्फ हवा वाले दिन की है। ये धूप वाली,” ते सांगायचे. त्यांचे शब्द आमच्या लक्षात राहीनात. मग अच्युतने स्वतःचे काढले, आणि त्याला स्वयंपाकघराबाहेरचं काही सुचत नसल्यामुळे सगळे तिथलेच निघाले. वारा नसताना पडलेलं हलकं हिम म्हणजे पिठी. गोल, टणक, कपड्यांवरून टणाटण उडणारे दाणे म्हणजे साबुदाणा. दुपारच्या उन्हात भिजून थुलथुल हलणारं हिम म्हणजे खरवस. आणि अगदी तळाशी, जमिनीलगत, मोठ्या खड्यांची मोकळी, चमकणारी, मुठीत घेतली तरी गोळा न होणारी ती जाडी साखर.

एकदा देवीरामजींनी भिंतीत दोन थर दाखवले. वरचा वाऱ्याने ठोकून बसवलेला, कडक, अखंड. खालची ती साखर.

“ऊपर सख्त, नीचे दाना। एक को दूसरे ने पकड़ा नहीं है। समझे?”

“समझे,” अच्युत म्हणाला. “गुळाची पोळी! वर खुटखुटीत, आत भरभरीत. मन्या, सांग ना त्यांना गुळाची पोळी म्हणजे काय.”

मी सांगितलं. देवीरामजींनी गंभीरपणे ऐकलं आणि म्हणाले, “फिर तो उस पर पैर मत रखना।”

पुढे महिनाभर आम्ही डोंगराकडे बघून “आज पोळी आहे” किंवा “आज पिठीच आहे” असं बोलायचो आणि ते कळल्यासारखी मान हलवायचे. उताराची ज्या बाजूला वारा हिम नेऊन टाकतो, तिकडे जायचं नाही. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आला तर मागे फिरायचं, कारण तो साखर बसल्याचा आवाज. बुटापासून भेग पळत गेली तर तिथे क्षणभरही थांबायचं नाही. आणि जावंच लागलं तर एका वेळी एकानेच जायचं, बाकीच्यांनी खडकाच्या आडोशाला उभं राहून त्याच्यावरची नजर काढायची नाही. कमरेला लाल लोकरीचा लांब दोर बांधायचा आणि तो मागे फरफटत न्यायचा. माणूस गाडला गेला तरी हलका दोर वर राहतो.

हे सगळं मी विसरलो नाही, याला माझी नोकरी कारण झाली. त्या मोसमानंतर वर्षभरातच मी बहारीनला आलो, मासे आणि मांस ठेवायच्या एका मोठ्या शीतगृहात, यंत्रं सांभाळायला. बर्फापासून पळून वाळवंटात आलो आणि पहिल्याच दिवशी उणे अठराच्या खोलीत गेलो. दाराजवळच्या छताला हिमाची पिसं लटकलेली होती, बोटभर लांब, फुंकर मारली तर मोडतील अशी. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते आणि थंडीला चिकटून वाढत जाते. डोंगरातही हेच होतं. जमीन उबदार, वरची हवा गार, मधल्या हिमातून वाफ वर चढते आणि दाणा दाण्याला सोडून देऊन एकटा मोठा होतो. मी त्या पिसांखाली उभा राहायचो. आमचे फोरमन दाभोळचे हसनमियाँ. त्यांनी एकदा पाहिलं.

“काय रे, भिंत कुरवाळतोस काय? चल, यल्ला, डीफ्रॉस्ट लाव.”

मी डीफ्रॉस्ट लावायचो. पिसं टपटप गळायची. एकोणतीस वर्षं मी हे काम केलं.

त्या दिवसाचं आता सांगतो. सातव्या आठवड्यात आम्ही तिघं एक खिंड ओलांडून पलीकडच्या गावात उतरणार होतो. आधी दोन दिवस वारा झाला होता. तिसऱ्या दिवशी आभाळ असं निळं निघालं, की घरात बसणं पाप वाटावं. एक दिवस थांबायला हवं होतं. तिघांनाही ते माहीत होतं आणि तिघांपैकी कुणीच ते मोठ्याने म्हटलं नाही.

खिंडीखाली एक घळ आडवी ओलांडायची होती. शंभरेक पावलांची. अलीकडे खडक, पलीकडे खडक, आणि मधोमध हिमाचा एक फुगवटा. त्या फुगवट्यामुळे अलीकडच्या खडकावरून घळीचा पलीकडचा अर्धा भाग दिसत नसे. देवीरामजी पहिले गेले. पोचल्यावर त्यांनी शीळ घातली. दुसरा मी. मला शीळ घालता येत नाही, अजूनही येत नाही. मी अच्युतला म्हणालो, “मी पलीकडून ओरडतो, मग तू नीघ.”

“ओरड, पण लवकर ओरड. पाय गारठलेत,” तो म्हणाला.

काय ओरडायचं ते आम्ही ठरवलं नाही. शाळेपासूनचे मित्र. आम्हांला कशाला ठरवावं लागणार?

फुगवटा ओलांडून मी खाली उतरलो आणि थांबलो. थांबायचं कारण सांगायला आजही लाज वाटते. त्या बाजूला ऊन पोचलं नव्हतं आणि हिमावर सगळीकडे पिसं उगवलेली होती. हजारो. प्रत्येक पिसाच्या कडेला प्रकाश. मी हातमोज्यावर एक उचललं आणि डोळ्यांजवळ नेलं. पलीकडच्या खडकामागे देवीरामजी पाठमोरे ओझं सोडत होते. पायाखालचं हिम किती कडक आहे, म्हणजे किती ठोकून बसलेलं आहे, ते मला बुटांतून कळत होतं आणि मी पिसं बघत होतो.

मागून अच्युतने हाक मारली. “मन्याऽऽ!”

आणि मी म्हणालो, “आलोऽऽ!”

मराठी माणसाला या उत्तराचं काही वाटणार नाही. आई जेवायला हाक मारते, आपण पुस्तकातून मान वर न काढता म्हणतो ‘आलो’. दारावरची बेल वाजते, आपण न्हाणीघरातून म्हणतो ‘आलो आलो’. आलेलो तर नसतोच, उठलेलोही नसतो. इथला अरब मित्र येतो म्हणताना इंशाल्ला म्हणतो, म्हणजे त्याचं येणं तो देवावर सोपवतो. आपण मात्र जागचे न हलता ते घडून गेल्याचं जाहीर करून टाकतो. रोजच्या घरात त्याने काही बिघडत नाही. आमटी थोडी निवते.

अच्युतने हाक मारली ती मी पोचलो का हे विचारण्यासाठी. मी ओ दिली ती हाक ऐकू आली हे सांगण्यासाठी. तो जे ऐकायला थांबला होता तेच त्याने ऐकलं. आलो. पोचलो. नीघ. त्याने पाऊल टाकलं, तेव्हा मी अजून घळीतच होतो.

धप्प. तो आवाज पायांतून पोटात आला. मग फुगवट्यावरून एक भेग पळत येताना दिसली, कापड फाडल्यासारखी सरळ. मी पलीकडच्या खडकाच्या इतका जवळ होतो, की लोंढ्याने मला त्याच्यावर आपटून कमरेपर्यंत पुरलं आणि सोडून दिलं. अच्युतला तो खाली घेऊन गेला.

दोर लोकरीचा होता म्हणून अच्युत आज आहे. देवीरामजींना लाल रंगाची वीतभर रेघ दिसली. आम्ही हातांनी, ताटल्यांनी उकरलं. त्याचा चेहरा निळा होता आणि तोंडात हिम भरलं होतं. देवीरामजींनी ते बोटांनी काढलं आणि तो खोकला. त्या खोकल्याइतका सुंदर आवाज मी ऐकलेला नाही. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि पुढे डाव्या पायाची तीन बोटं गेली.

गावातून माणसं यायची होती. आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना बसून त्याला ऊब देत होतो. तो शुद्धीत नव्हता. तेव्हा देवीरामजींनी विचारलं, “ये चल क्यों पड़ा? तुम तो बीच में थे।”

मी अच्युतचे हात चोळत राहिलो.

“तुमने कुछ आवाज़ दी थी। मैंने सुना। क्या बोला था?”

त्यांना मराठी येत नव्हतं. मी म्हणालो, “मैंने बोला, रुको।”

एवढंच. ‘आलो’चा अर्थ मी ‘थांब’ असा सांगितला. आणि वर आणखी एक वाक्य जोडलं, “इसको हमेशा जल्दी रहती है।” ते तर खरंच होतं. खोट्याला टेकू द्यायला खरंच लागतं.

इस्पितळात अच्युत चौथ्या दिवशी नीट बोलायला लागला. देवीरामजी भेटून गेले होते, त्यांनी त्याला प्रेमाने रागावून सांगितलं होतं, की बेटा, दोस्त रुको म्हणून ओरडत होता. मी सफरचंद चिरत बसलो होतो. अच्युत माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं, त्याला आठवतंय. मग तो म्हणाला, “मन्या, तू थांब म्हणालास आणि मला चक्क ‘आलो’ ऐकू आलं रे. माझ्या घाईने तुझाही जीव जात होता. मला माफ कर.”

त्या क्षणी सांगता आलं असतं. त्याने तर वाक्य माझ्या हातातच आणून ठेवलं होतं. मी सफरचंदाची फोड त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, “जाऊ दे. झालं गेलं.”

मी त्याला माफ केलं. घटनेनंतर चौथ्या दिवशी. त्याचे डोळे भरून आले.

क्लबाच्या दप्तरात अहवाल मी लिहिला. ‘थांबण्याची सूचना देण्यात आली असताही घाईने पाऊल टाकले गेल्याने’ असं त्यात आहे. कर्त्याशिवाय वाक्य लिहिण्याची आपल्या भाषेत फार चांगली सोय आहे. पुढे कित्येक वर्षं नव्या मुलांना तो अहवाल वाचून दाखवत. त्यातून काहींचे जीव वाचलेही असतील. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगितलं.

एकट्या अच्युतच्या वजनानेही पोळी मोडली असती, हेही सांगितलं. असेल. पण मग मी खडकावर असतो आणि माझी नजर त्याच्यावर असती.

मी इथे आलो, त्याने वाईत शाळेत गणित शिकवलं. लग्न केलं, दोन मुली झाल्या. दर तीन वर्षांनी रजेवर गेलो की मी त्याच्याकडे राहायचो, आणि दर वेळी मला तो थोडा अधिक हळू झालेला दिसायचा. पायामुळे असेल असं आधी वाटलं. मग लक्षात आलं, पाय दाराशी थांबत नाहीत. अच्युत थांबायचा. कुठल्याही दारातून आधी दुसऱ्याला जाऊ द्यायचा. वाईचा तो दहा पावलांचा रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायचा, मग बायकोला विचारायचा, “जाऊ ना?” ती हो म्हणाली की पुन्हा विचारायचा, “हो म्हणालीस ना?” शुभांगीवहिनी हसून म्हणायच्या, “ह्यांना दोनदा सांगितल्याशिवाय ऐकूच येत नाही हो भावजी. लग्नातही अंतरपाट काढल्यावर भटजींना विचारलं, काढला ना?” सगळे हसायचे. तोही हसायचा. मी सगळ्यात मोठ्याने.

आणि बोलणं. तुमचं वाक्य संपलं की तो दोन क्षण गप्प राहतो, खरंच संपलं याची खात्री करतो, मग बोलतो. तो मला दर शुक्रवारी फोन करतो, इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारच्या नमाजानंतर रस्ते शांत झाले की. माझ्या मुलाला वाटायचं, भारताची लाईन खराब आहे. लाईन चांगली आहे. ज्याला माझं एक वाक्य पूर्ण करू द्यायचा धीर नव्हता, त्याला मी असा करून ठेवला.

तर सानिका. तिला हा मोसम मी झोपताना गोष्टीसारखा सांगितलेला आहे, पोळी आणि साखरेसकट, आणि खोट्यासकट. जायच्या आधीच्या शुक्रवारी ती फोनवर हिम कोसळण्याच्या धोक्याचा रोजचा अंदाज बघत होती.

“आजोबा, आज थ्री आहे. आउट ऑफ फाइव्ह.”

“तीन वाईट.”

“मिडल आहे ना पण?”

“पाच असलं तर कुणी घराबाहेर पडत नाही. तीनला माणूस म्हणतो, बघू या की.”

तेवढ्यात अच्युतचा फोन आला. तिने व्हिडिओ लावला. तो पडद्यावर आला, पांढरी दाढी, माकडटोपी. तिने नमस्कार केला, सामान दाखवलं. त्याने एकेक वस्तू नीट बघितली आणि मग, दोन क्षण थांबून, म्हणाला, “बाळ, हे सगळं छान आहे. पण तुझ्या आजोबांनी थांब म्हणून ओरडून सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. माझ्यासारखं करू नकोस हं. कुणी काय म्हटलं ते दोनदा विचारून घे.”

“नक्की, अच्युत आजोबा.”

फोन ठेवल्यावर तिने वही उघडली. “आजोबा, आमच्या ग्रुपमध्ये फोर लँग्वेजेस आहेत. फातिमा अरबी, जोसेफ मल्याळम, मारिया टागालोग. सिग्नलचे वर्ड्स ठरवायचेत. तुम्ही एक्झॅक्टली काय ओरडला होता? ‘थांब’? की ‘स्टॉप’? लांबून कुठलं नीट ऐकू येतं?”

पंचेचाळीस वर्षांत मला हा प्रश्न नेमका असा कुणी विचारला नव्हता. तिला गोष्ट नको होती, शब्द हवा होता. तो ती वहीत लिहिणार होती आणि त्या शब्दावर चार पोरं उतारावर पाय ठेवणार होती.

मी म्हणालो, “आलो.”

तिने लिहायला घेतलं आणि थांबली. “म्हणजे तुम्ही पोचला होता?”

“नाही.”

“पण आलो म्हणालात.”

“हो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “आजोबा, दॅट्स व्हॉट आय से. मम्मा जेवायला बोलावते तेव्हा. मी बेडमध्येच असते.”

तिला समजावून सांगावं लागलं नाही. बाकीचं मी सांगितलं, रुकोपासून सफरचंदापर्यंत. ती रडली नाही, रागावली नाही. फक्त वहीचं ते पान फाडलं, नवीन पान घेतलं आणि विचारलं, “त्यांना माहितीये?”

“नाही.”

“मग फोन करा ना. आत्ता.” आणि ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. दार मात्र लावून घेतलं नाही.

मी फोन लावला. त्याला वाटलं, सानिकाचं काही राहिलं. मी थांबलो असतो तर पुन्हा राहून गेलं असतं, म्हणून एका दमात सगळं बोललो. मी घळीतच होतो. पिसं बघत होतो. तू हाक मारलीस, मी आलो म्हणालो. देवीरामजींना खोटं सांगितलं. अहवालात खोटं लिहिलं. तू माफी मागितलीस आणि मी ती घेतली.

दोन क्षण गेले. चार गेले. मी मोजत नव्हतो, पण समोरच्या कोल्ड स्टोअरची घंटी तीनदा वाजली.

“म्हणजे,” तो म्हणाला, “मला बरोबर ऐकू आलं होतं.”

“हो.”

“आलो असंच ऐकू आलं होतं.”

“हो, अच्युत.”

“मी एवढी वर्षं माझ्या कानांवर विश्वास ठेवला नाही रे मन्या. वर्गात पोरगं उत्तर बरोबर सांगायचं, मी म्हणायचो, पुन्हा सांग. ती बिचारी घाबरून बदलायची.”

 मग मी तो शब्द उच्चारला, माफ कर. त्याने श्वास घेतल्याचं ऐकू आलं.

“तू मला चार दिवसांत माफ केलं होतंस,” तो म्हणाला. “मला चार दिवसांत जमायचं नाही. मी वेळ घेणार आहे. आणि हे तू लिहून काढ. अहवालही तूच लिहिला होतास.” मग एकदम वेगळ्या आवाजात, “त्या पोरीला शिट्टी घेऊन दे. बोलायचंच नाही म्हणावं, शिट्टी वाजवायची. किती वेळा ते मात्र आधी ठरवा.”

शिट्ट्या आम्ही मनामाच्या बाजारात घेतल्या. चार, नारिंगी. पोचल्यावर दोनदा, संकटात न थांबता. सानिकाने वहीत चार भाषांत लिहिलं.

ती दहा दिवसांनी परतली, नाकाचं टोक सोलून. एक दिवस वारा झाला म्हणून ते चौघं उतारावर गेलेच नाहीत, खोलीत पत्ते खेळत बसले. “सो बोअरिंग, आजोबा,” ती म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मधल्या दोन शुक्रवारी अच्युतचा फोन आला नव्हता, आणि या शुक्रवारी येईल की नाही, मला खात्री नव्हती. मी नमाजाच्या आधीपासून खुर्चीत बसून होतो. आला. त्याने आधी सानिकाला मागितलं, तिच्याकडून तिकडच्या हिमाचे थर वरपासून खालपर्यंत वदवून घेतले, साबुदाणा होता की नव्हता यावर वाद घातला. मग फोन माझ्याकडे आला. गुडघे, औषधं, कृष्णेचं पाणी झालं. मी म्हणालो, “अच्युत, ते आपलं...”

“अजून नाही,” तो म्हणाला. माझं वाक्य अर्ध्यात तोडून.

आज सात शुक्रवार झाले. दर वेळी मी सुरू करतो आणि दर वेळी तो मला मध्येच अडवतो. एकदा तर मी त्याला औषधाचं नाव विचारत होतो, तरी म्हणाला, अजून नाही. हे इथवर लिहून काढलेलं मी त्याला परवा पाठवलं. वाचलं की नाही ते त्याने सांगितलं नाही. आज मीच फोन लावला, तो वहिनींनी उचलला.

“भावजी, काय सांगितलंत हो तुम्ही ह्यांना? काल रस्ता ओलांडून एकटेच पुढे गेले, मी अलीकडेच उभी. आणि घरात मला एक वाक्य धड पुरं करू देत...”

पाठीमागून त्याचा आवाज आला. “नाहीत! कळलं त्याला! फोन इकडे दे आधी.”